जेसनमध्ये नाव, स्वॅगरमध्ये आकडा: ईनमची दुरुस्ती नेमकी कुठे करायची

प्रश्न थोडक्यात असा: हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावाची नोंद ठेवणारी एपीआय (इतर प्रोग्रॅमना माहिती देणारी सेवा) मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट ८ वर आहे. मासळीचा प्रकार हा ईनम आहे, म्हणजे ठरावीक नावांची यादी, जिच्यात प्रत्येक नावामागे एक आकडा असतो. जेसन (माहिती पाठवायचा मजकुरी साचा) उत्तरात तो ‘सुरमई’ असा नावाने येतो, पण स्वॅशबकल या लायब्ररीने तयार केलेल्या स्वॅगरमध्ये (एपीआयचं वर्णन करणाऱ्या पानावर) त्याच जागी ०, १, २ दिसतात. मोबाइल अ‍ॅपसाठी त्या स्वॅगरवरून क्लायंट (एपीआयशी बोलणारा कोड) तयार केला, तर तो पहिल्याच उत्तराला कोसळतो. मग स्कीमा फिल्टर (पानावरचं वर्णन, म्हणजे स्कीमा, बदलणारा कोड) लिहून स्वॅगरमध्ये नावं दाखवावीत का?

फिल्टर लिहू नका. फिल्टर फक्त पान रंगवतो. उद्या कोणी सिरियलायझरची (डेटाचं जेसन करणाऱ्या भागाची) सेटिंग बदलली की पान पुन्हा खोटं बोलायला लागेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

स्वॅशबकल स्वतःच्या मनाने काही ठरवत नाही. ते ईनमची पहिली किंमत सिरियलायझरकडून जेसनमध्ये लिहून घेतं. जे हाती येतं ते अवतरणचिन्हाने सुरू झालं तर प्रकार स्ट्रिंग, नाहीतर इंटिजर. म्हणजे पानावर आकडे दिसतात तेव्हा स्वॅशबकलच्या हाती पडलेली सेटिंग आणि तुमचं उत्तर लिहिणारी सेटिंग या दोन वेगळ्या आहेत. डॉट नेटमध्ये त्या खरोखरच दोन आहेत, एपीआयचे मार्ग लिहायच्या दोन पद्धतींसाठी: कंट्रोलरसाठी ‘अ‍ॅड-जेसन-ऑप्शन्स’ आणि मिनिमल एपीआयसाठी ‘कॉन्फिगर-एचटीटीपी-जेसन-ऑप्शन्स’. (नावं वाचायला सोपी जावीत म्हणून तोडून लिहितो, कोडात ती जोडूनच.) तुमचे मार्ग मिनिमल एपीआयचे आहेत आणि आकड्याऐवजी नाव लिहिणारा कन्व्हर्टर फक्त दुसऱ्या जागी लावलाय. स्वॅशबकल आधी पहिल्या जागेकडे बघतं. ‘जेसन-स्ट्रिंग-ईनम-कन्व्हर्टर’ दोन्हीकडे लावा, पान लगेच जुळेल. न्यूटनसॉफ्ट ही वेगळी जेसन लायब्ररी वापरत असाल तर गोष्ट वेगळी: तिथे स्वॅशबकलचं न्यूटनसॉफ्ट पॅकेज घालून ‘अ‍ॅड-स्वॅगर-जेन-न्यूटनसॉफ्ट-सपोर्ट’ हे ‘अ‍ॅड-स्वॅगर-जेन’च्या नंतर लिहावं लागतं.

दोन जागा सांभाळायच्या नसतील तर कन्व्हर्टर अ‍ॅट्रिब्यूट म्हणून (कोडावर लावलेली खूण) थेट ईनमच्या डोक्यावर लावा. मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, कारण करार त्या प्रकारासोबतच फिरतो. मात्र अ‍ॅट्रिब्यूट ईनमवरच हवं. एखाद्या प्रॉपर्टीवर (क्लासमधल्या एका रकान्यावर) लावलंत तर जेसन बदलेल, पान बदलणार नाही, कारण पानावर प्रत्येक ईनमची स्कीमा एकच असते आणि सगळ्या प्रॉपर्टी तिच्याकडेच बोट दाखवतात. शिवाय सेटिंगमधला कन्व्हर्टर ईनमवरच्या अ‍ॅट्रिब्यूटपेक्षा वरचढ ठरतो. दोन्ही ठेवलेत आणि त्यांचे नियम वेगळे असले, तर ईनमवरचा गपचूप बाजूला पडतो.

आता पान जुळलं तरी जे उरतं ते जास्त धोक्याचं आहे. हा कन्व्हर्टर नावाबरोबर आकडेही स्वीकारतो. पानावर लिहिलंय ‘सुरमई’, ‘पापलेट’, ‘बांगडा’. पण कोणी २ पाठवला तर बांगडा नोंदला जातो, आणि ९९ पाठवला तर तोही आत जातो, परत येताना ९९ असाच आकडा होऊन येतो. उद्या यादीत पापलेटच्या आधी ‘हलवा’ घातलात की २ पाठवणाऱ्या जुन्या अ‍ॅपचा बांगडा पापलेट होतो. लिलावाच्या हिशोबात ही चूक कोणाला परवडणारी नाही. कन्व्हर्टरला ‘अलाऊ-इंटिजर-व्हॅल्यूज’ फॉल्स द्या. अ‍ॅट्रिब्यूटमधून ते देता येत नाही, म्हणून जेनेरिक कन्व्हर्टरवरून छोटा क्लास काढा, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये फॉल्स द्या आणि अ‍ॅट्रिब्यूटमध्ये तो क्लास लिहा. डेटाबेसचंही बघा: ईएफ कोअर (डॉट नेटची डेटाबेस लायब्ररी) ईनम मुळात आकड्यानेच साठवतं, त्यामुळे नवी मासळी कायम यादीच्या शेवटी घाला किंवा प्रत्येकीला आकडा हाताने द्या.

नावांची धाटणी बदलताना जपून. डॉट नेट ८ मध्ये केबाब-केस (शब्दांमध्ये जोडरेघ) आलं, त्यामुळे ‘लिलावबाकी’ (कोडात LilavBaki) हे जेसनमध्ये ‘लिलाव-बाकी’ होतं आणि पानावरही तसंच दिसतं. पण तेच ईनम कंट्रोलरमध्ये क्वेरी स्ट्रिंगमधून (वेबपत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढच्या भागातून) घेत असाल तर तिथे जेसनचा कन्व्हर्टर चालतच नाही. पानावरच्या यादीतून ‘लिलाव-बाकी’ निवडून ‘एक्झिक्यूट’ दाबा, ४०० (चुकीची विनंती) मिळेल, कारण तिथे मूळ नावच लागतं. कॅमल-केसला (फक्त पहिलं अक्षर लहान) हा त्रास नाही, लहानमोठं अक्षर तिथे चालून जातं. क्वेरीत ईनम असेल तर केबाब आणि स्नेक (शब्दांमध्ये अंडरस्कोर) दोन्ही टाळा.

फ्लॅग्जवालं ईनम (एका वेळी अनेक किंमती धरणारं) असेल तर पान पूर्ण खरं होऊच शकत नाही. जेसनमध्ये ‘बर्फात, निवडलेली’ अशी स्वल्पविरामाची एकच स्ट्रिंग जाते आणि पानावर सुटी नावं असतात. अशा ठिकाणी ईनमची अ‍ॅरे द्या.

शेवटी एक टेस्ट लिहा. ‘वेब-अ‍ॅप्लिकेशन-फॅक्टरी’ने टेस्टच्या आतच एपीआय उठवा, स्वॅगरची जेसन फाइल मागवा, त्या ईनमच्या यादीतली प्रत्येक किंमत एकेक करून पोस्ट करा आणि परत येणारी किंमत अक्षर न् अक्षर तीच आहे का ते तपासा. त्यानंतर ० पाठवा, उत्तर ४०० यायला हवं.