हॉटेल मॅनेजमेंट की क्युलिनरी आर्ट्स?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी झाली, तिला पुण्यात बीएस्सी क्युलिनरी आर्ट्सच करायचंय. हॉटेल मॅनेजमेंट केलं तर काय बिघडतं? शिवाय आम्ही पूर्ण शाकाहारी, तिला मटण-मासे कापावे लागतील का? — एक आई, सांगली

उत्तर : ताई, बिघडत काहीच नाही, पण हॉटेल मॅनेजमेंटमधे किचनबरोबर फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस सगळंच शिकावं लागतं, आणि तिला फक्त किचनच हवं असेल तर अर्धा वेळ बेडशीटचे कोपरे दुमडण्यात जाईल. क्युलिनरीत जवळपास सगळा वेळ किचन, बेकरी, हायजीन आणि कॉस्टिंग. हे कॉस्टिंग कुणी मनावर घेत नाही पण माझ्या मते डिग्रीचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात. म्हणजे बघा, मटारच्या शेंगा 80 रुपये किलोने आणल्या आणि सोलून 400 ग्रॅम दाणे निघाले तर तो मटार पडला 200 रुपये किलो, आणि प्लेटची किंमत त्यावरून लावायची. घरी कितीही चांगली उसळ येत असली तरी हा हिशेब आपण कधी मांडत नाही ना!

शाकाहाराचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी चिकन-मासे सिलॅबसमधे असतातच. काही वर्षांपूर्वी अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूरच्या सरकारी आयएचएममधे (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) शाकाहारी पर्याय सुरू झाला, तो अजून आहे का बघा. खाजगी कॉलेजला थेट विचारा की कापायचं नाही म्हटलं तर चालेल का, चव घ्यायची नाही म्हटलं तर मार्क जातात का, आणि हो, उत्तर मेलवरच घ्या, ॲडमिशनच्या वेळी तोंडी सगळे हो म्हणतात.

आता एक कडू गोष्ट. डिग्री झाली तरी सुरुवात कॉमी म्हणजे किचनमधला सगळ्यात ज्युनियर कुक म्हणूनच होते, शेफ बिफ नंतर. दिवसभर उभं राहायचं, पगार बेताचा, आणि दिवाळी, थर्टीफर्स्ट, लग्नसराई, म्हणजे तुम्ही सगळे जेवायला बसणार तेव्हा ती आत. त्यामुळे लाखांत फी भरण्याआधी या सुट्टीत तिला सांगलीतल्याच एखाद्या चांगल्या केटररकडे किंवा बेकरीत महिनाभर पाठवा, बिनपगारी का होईना. तरी ती हो म्हणाली तर खुशाल भरा. फी झेपत नसेल तर आयएचएममधे फूड प्रॉडक्शनचा, म्हणजे स्वयंपाकाचाच, दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्स असतो, खूप स्वस्त, पण ती डिग्री नाही हे मात्र तिला आधीच सांगा.