डेस्कटॉपचं रिझोल्यूशन १०२४ × ७६८ वरच अडकलंय, दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. मारावं का, की विंडोज सोडून सरळ लिनक्स टाकू?

नका मारू. मागची केबल हलवूनही न बघता ज्याने फॉरमॅट सांगितलं, त्याच्याकडे सीपीयू ठेवून येऊ नका.

आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अडॅप्टरच्या खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसत असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, बसलेलाच नाही. तो बसवा, विषय संपला. अडॅप्टरचं नाव बरोबर असेल आणि मॉनिटरच्या खाली 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असेल, तर घोळ वेगळा आहे, आणि त्या घोळात माझं एक अख्खं लग्नसराईचं काम गेलंय. म्हणून एवढं लिहायला बसलो.

चोपड्याला माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, बॅनर, पावतीपुस्तकं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा आठवडा म्हणजे आम्हाला जेवायला सवड नसते. गिऱ्हाईक माझ्या मानेवरून वाकून डिझाइन बघतं, म्हणून त्यांच्यासाठी दुसरा मॉनिटर लावायचं ठरवलं. जळगावच्या एका दुकानातून माणूस आला, एका व्हीजीए केबलचे (मॉनिटरची जुन्या पद्धतीची केबल) दोन फाटे करणारा स्प्लिटर लावून, पैसे घेऊन गेला. त्याच दिवसापासून दोन्ही स्क्रीन १०२४ × ७६८ वर. अक्षरं फुगलेली, आयकॉन बसके. त्याला फोन केला तर उत्तर तयार: "विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल."

मी तयार नव्हतो. पण त्या दिवशी आमचे साडू घरी आलेले होते. साडूंचा एमएस-सीआयटी झालेला आहे आणि घरात संगणकाचा शब्द त्यांचाच शेवटचा. ते म्हणाले, "पाहुणे, जास्त विचार नका करू, फॉरमॅट मारलं की मशीन नवीन होतं." आमच्या घरात सौंनीही त्यांचीच बाजू धरली. सीपीयू जळगावला गेला.

संध्याकाळी फोन आला, झालं म्हणून. त्याच्या दुकानात स्क्रीन झकास दिसत होती. दिसणारच की! तिथे त्याने त्याचा मॉनिटर थेट जोडला होता, स्प्लिटर तर माझ्या टेबलावर होता. घरी आणून लावला, पुन्हा तेच. शिवाय डेस्कटॉपवरच्या पत्रिकांचं फोल्डर साफ. बॅकअप घेतलाय म्हणाला होता, तो फक्त डॉक्युमेंट्सचा निघाला. डिझाइनचं कोरलड्रॉ आणि मराठी फॉन्ट पुन्हा टाकण्यात रात्र गेली.

दुसऱ्या दिवशी एक जण लग्नाच्या बॅनरचं प्रूफ बघायला आला. वर गोलात त्याच्या वारलेल्या वडिलांचा फोटो. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "हाऊ मन्हा आप्पा नही शे भो." (हा माझा आप्पा नाही.) आप्पा काटक माणूस, आणि स्क्रीनवर गाल सुजलेले. म्हणे फोटो बारीक करा. मी म्हटलं, बारीक केला तर छापून लांबट येईल. पटेना त्याला. शेवटी त्याच्या समोर कंट्रोल दाबून एक शुद्ध गोल काढला आणि काचेवर पट्टी लावली. उभा ९ सेंटीमीटर, आडवा १२. बरोबर तेवढाच फरक यायला हवा, कारण १०२४ × ७६८ हे ४:३ चं माप १६:९ च्या काचेवर ताणून बसवलं होतं. तोच गोल ए-फोरवर छापून दिला, पट्टी त्याच्याच हातात दिली. दोन्हीकडून सारखा. मग आप्पांचा फोटो तसाच ठेवून बॅनर गेलं.

त्या रात्री स्प्लिटर काढून केबल थेट लावली. रिस्टार्टही करावं लागलं नाही, १९२० × १०८० आपोआप आलं.

कारण असं. मॉनिटरच्या आत १२८ बाइटची छोटी ओळखचिठ्ठी असते, तिला ईडीआयडी म्हणतात. माझं मूळ माप काय, मला कुठली मापं चालतात, हे ती कॉम्प्युटरला सांगते. व्हीजीएत ती १२ आणि १५ नंबरच्या पिनवरून जाते. स्वस्तातल्या केबलमध्ये, स्प्लिटरमध्ये या तारा बरेचदा नसतातच. पिन वाकलेली असली किंवा बाजूचे दोन स्क्रू न आवळता केबल नुसती लटकवली असली तरी तेच होतं. चिठ्ठी पोचली नाही की विंडोज भीत भीत लहान मापं देतं. चित्र येतं, रंगही बरोबर येतात, म्हणून केबलवर कुणाचा संशय जात नाही. आता यात फॉरमॅट मारून काय होणार? तार आत उगवणार आहे का?

साडू अजूनही म्हणतात, फॉरमॅटमुळेच नीट झालं, केबल नुसती निमित्त. हे उत्तर ते वाचतील, म्हणून पुन्हा लिहितो: फॉरमॅट मारल्यानंतर घरी आणलं तेव्हाही स्क्रीन १०२४ वरच होती. स्प्लिटर अजून ड्रॉवरमध्ये आहे, साडू, पुढच्या वेळी याल तेव्हा स्वतः लावून बघा.

तुमचं म्हणाल तर केबल थेट लावा, दुसऱ्याची आणून बघा, दोन्ही बाजूंना एचडीएमआय असेल तर व्हीजीएचा नाद सोडा. सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के असेल तर ते रिझोल्यूशन नव्हे, त्यानेही सगळं मोठं दिसतं. माप बदलून स्क्रीन काळी झाली तर हात लावू नका, १५ सेकंदांत विंडोज आपणहून मागे येतं. आणि १३६६ च्या मॉनिटरवर १३६० दिसलं तर दुकान गाठू नका. १३६६ ला ८ ने भाग जात नाही, आणि त्या चिठ्ठीतली साधी मापं आठाच्या पटीत लिहायची असतात.

लिनक्सचं राहिलं. त्यातलं मिंट नावाचं लिनक्स चांगलंच आहे, पण चिठ्ठी न देणारी केबल मिंटलाही चिठ्ठी देणार नाही. तिथे एक्सरँडर नावाच्या कमांडने माप हाताने घालता येतं, तेही वेलँड (स्क्रीनवर चित्र दाखवायची नवी पद्धत) नसेल तरच. मिंट कम्पॅटिबिलिटी मोडमधून इन्स्टॉल केलं असेल तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नोमोडसेट हा शब्द राहिलाय का ते बघा, त्यानेही रिझोल्यूशन अडकतं. आणि कोरलड्रॉवर पोट असेल तर मिंटचा विचारच करू नका, ते लिनक्ससाठी नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. तुमचा मदरबोर्ड कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही. जुना इंटेल जी-३१ चिपसेटचा वगैरे असेल तर त्याच्या ग्राफिक्ससाठी इंटेलने विंडोज १० चा ड्रायव्हर काढलेलाच नाही, मग केबल कितीही बदला. तिथे विंडोज ७ चा ड्रायव्हर जबरदस्तीने बसवून बघतात काही जण, किंवा छोटं ग्राफिक्स कार्ड टाकतात. अशा मशीनवर मात्र मिंट खरंच बरं पडतं, कारण त्या जुन्या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून आहे. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा, बेसबोर्डच्या ओळीत नाव सापडेल. ते खाली कमेंटमध्ये टाका.