सुप्त इच्छा, नेणीव आणि एक सुजलेला पाय

प्रश्न असा आला आहे: "‘हॅम्लेट’च्या मनोविश्लेषणात्मक वाचनावर लेख लिहितो आहे. ‘सुप्त मनातील इच्छा’ लिहावं की ‘अबोध मनातील’? आणि ‘इच्छा’ बरोबर की ‘वासना’?"

सुप्त नको. अबोधही नको. ‘अनकॉन्शस’साठी ‘नेणीव’ लिहा. घाई असेल तर इथेच थांबा, कारण पुढे मी बराच भरकटणार आहे.

आधी ‘सुप्त’वरचा राग काढून टाकतो. कादंबरीवरचा कुठलाही लेख उघडा, तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कुणाची तरी ‘सुप्त इच्छा’ डोकं वर काढतेच. नायिकेनं खिडकी उघडली, सुप्त इच्छा. बंद केली, तीही सुप्त इच्छा. अहो, सुप्त म्हणजे झोपलेलं. बी सुप्त असतं, ज्वालामुखी सुप्त असतो, कौतुकाच्या भाषणांत मुलांचे गुण सुप्त असतात. यांतलं काहीही कुणाला छळत नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड ज्या इच्छेबद्दल बोलतो ती मात्र क्षणभरही डोळा लावत नाही. झोपतो तो माणूस. इच्छा त्याची झोप मोडायला बघते, स्वप्न मध्ये पडून तिची कशीबशी समजूत घालतं, आणि म्हणून तो स्वप्नाला झोपेचा राखणदार म्हणतो. सगळेच झोपले असते तर राखणदार कशाला लागला असता?

मांडूक्य उपनिषदानं तर हा शब्दप्रयोग आधीच बाद केलाय. ‘यत्र सुप्तो न कञ्चन कामं कामयते न कञ्चन स्वप्नं पश्यति तत् सुषुप्तम्।’ झोपलेला जिथे कसलीच कामना करत नाही, कसलंच स्वप्न पाहत नाही, ती सुषुप्ती. म्हणजे खरोखर सुप्त झालं की इच्छा संपली. ‘सुप्त इच्छा’ लिहिणाऱ्यांनी हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवावं.

(जाता जाता: ‘सुप्त’, ‘स्वप्न’ आणि ग्रीक ‘हिप्नोस’ ही सख्खी भावंडं आहेत. संस्कृतातल्या आरंभीच्या ‘स’च्या जागी ग्रीकमध्ये ‘ह’ येतो, सप्त आणि हेप्टा तसंच. फ्रॉइड सुरुवातीला रुग्णांवर हिप्नॉसिसचे प्रयोग करायचा, ते सोडून तो स्वप्नांकडे वळला. एकाच धातूच्या घरात खोली बदलली म्हणायची.)

एक सवलत देतो. फ्रॉइड स्वतःच दोन गोष्टी वेगळ्या काढतो. एखादं नाव आत्ता मनात नाही, पण कुणी विचारलं की चटकन आठवतं, ते नुसतं मागे पडलेलं. त्याला खुशाल सुप्त म्हणा. दुसरं, जे बोलावूनही येत नाही, कारण कुणीतरी दार आतून धरून ठेवलंय. त्याला सुप्त म्हटलं की दार धरणारा नाहीसा होतो आणि मनोविश्लेषणातलं सगळं नाट्य संपतं.

बाकीच्या उमेदवारांना फार वेळ देत नाही. ‘अचेतन’ म्हणजे दगड. ‘अबोध’ म्हटलं की डोळ्यांपुढे निरागस बालक येतं, आणि फ्रॉइडच्या तळघरात निरागस असं काही नाही. (बालकही नाही; तोच तर त्याचा मुद्दा होता.) ‘अंतर्मन’ कौल देतं, बरंवाईट सांगतं, ती सदसद्विवेकाची खोली, पत्ता चुकलाय. ‘अवचेतन’ हे ‘सबकॉन्शस’चं भाषांतर, आणि तो शब्द फ्रॉइडनं १९२६ साली साफ झिडकारला होता: तुम्हाला मनाच्या खालच्या मजल्यावरचं काही म्हणायचंय की मनातच दुसरी कुणी जाणीव नांदतेय असं म्हणायचंय, ते कळत नाही, अशी त्याची तक्रार. शंभर वर्षं होत आली, तरी मनाच्या शक्तीवरची भाषणं ‘सबकॉन्शस’वाचून पुढे सरकत नाहीत.

आता नेणीव. हा कुणी समितीत बसून घडवलेला शब्द नव्हे. हरिपाठात ‘जाणीव नेणीव भगवंतीं नाहीं’ आहे, तेव्हा मनोविश्लेषण जन्माला यायला सहा शतकं अवकाश होता. ‘न’ आणि ‘जाणणे’ मिळून नेणणे. प्राकृतात नकारापुढे ‘जाण’मधला ‘ज’ झिजून ‘ण याणइ’ होतं आणि जुन्या मराठीत त्याचं ‘नेणे’. नकार क्रियापदाला चिकटवून टाकायची जुन्या मराठीला हौसच होती: न घे ते नेघे, न देई ते नेदी, न लगे ते नलगे. यांत नकार क्रियापदाच्या दाराबाहेर उभा नाही, आत शिरलाय. नेणणारा माणूस रिकामा नसतो. न-जाणणं हे तो करत असतो.

नेमकं हेच हवंय. भयचकित करणाऱ्या गोष्टींवरच्या १९१९च्या निबंधात फ्रॉइड ‘उनहाइमलिश’ या जर्मन शब्दाची चिरफाड करतो. ‘हाइमलिश’ म्हणजे घरचं, ओळखीचं, आणि आडपडद्यातलंही. ‘उन’ लागला की तेच अंगावर येणारं. तो म्हणतो, हा ‘उन’ उपसर्ग ही दमनाची, म्हणजे नकोसं ते मनाआड ढकलण्याची, खूण आहे. आपल्या नेणिवेतला ‘न’ त्या ‘उन’चा सख्खा नातेवाईक, कामही तेच करतो. ‘अबोध’मध्येही नकार आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, पण तिथे बोधच झालेला नाही. नेणिवेत जाणून नेणणं बसतं.

जाणून नेणणं म्हणजे काय, हे बघायला ‘हॅम्लेट’पेक्षा एक साधी, आता जवळजवळ विसरलेली लघुकादंबरी बरी: विल्हेल्म येन्सेनची ‘ग्राडिव्हा’, १९०३. फ्रॉइडनं १९०७ साली तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. नॉर्बर्ट हानोल्ट हा तरुण पुरातत्त्वज्ञ एका शिल्पपटाच्या प्रेमात पडतो. चालणारी स्त्री, मागचं पाऊल जवळजवळ उभं, टाच उचललेली. तो तिला नाव देतो ग्राडिव्हा, लॅटिनमध्ये ‘पाऊल टाकणारी’. मग त्याला स्वप्न पडतं, पाँपेईवर राख कोसळतेय आणि ही तिथे आहे. तो उठून पाँपेईला जातो आणि भर दुपारी अवशेषांमधून ग्राडिव्हा चालत येते. ती असते त्याची लहानपणची शेजारीण, त्सोए बेर्टगांग, जिला तो पार विसरलाय.

शब्दांच्या नादी लागलेल्या माणसासाठी खरी मेजवानी आडनावात आहे. जुन्या जर्मनमध्ये ‘बेर्ट’ म्हणजे तेजस्वी, ‘गांग’ म्हणजे चाल. ग्राडिव्हा हे बेर्टगांगचं लॅटिन भाषांतर! मुलगी विसरला, आडनाव विसरला, शिल्पाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मात्र तेच आडनाव दुसऱ्या भाषेत ठेवलं. त्याला कळलंच नाही. आता सांगा, भाषांतर करणारं मन झोपलेलं असतं का? चांगलं लॅटिन येणारं मन आहे ते.

फ्रॉइड या गोष्टीवर का भाळला हे कळायला पाँपेई पुरेसं आहे. राखेखाली गेल्यामुळे ते शहर नाहीसं झालं आणि राखेखाली गेल्यामुळेच टिकलं. त्याच वर्षी त्यानं रोममध्ये तो मूळ शिल्पपट गाठला आणि त्याची प्लॅस्टरची प्रतिकृती आपल्या खोलीत टांगली. येन्सेनला मात्र या प्रकरणात फारसा रस नव्हता. त्यानं पुढे सहकार्य करायला नकार दिला, अशी नोंद फ्रॉइडनंच १९१२च्या आवृत्तीत केली आहे. लेखकाला विचारायला गेलात की असंच होतं. ‘ही लेखकाची सुप्त इच्छा’ असं ठोकून देणाऱ्यांना माझा दुसरा आक्षेप हा: कुणाची नेणीव ते आधी सांगा. हानोल्टची? तो तर कागदावरचा माणूस. येन्सेनची? तो नाही म्हणतोय. की वाचता वाचता ज्याचं काळीज हललं त्याची? फ्रॉइड तिन्हींमध्ये सोयीनं ये-जा करतो आणि त्याचे चेले तर दारही वाजवत नाहीत.

पावलांचा विषय निघालाच आहे तर ज्याच्यासाठी मी लिहायला बसलो तिकडे येतो.

इडिपस, नकळत बापाला मारून आईशी लग्न करणारा ग्रीक राजा. ग्रीक ‘ओइदिपूस’, म्हणजे सुजलेल्या पायाचा. जन्मताच बापानं घोटे टोचून त्याला डोंगरात टाकायला दिलं, तो हा पाय. ‘ओइदेइन’ म्हणजे सुजणं. डॉक्टर अंगावरच्या सुजेला इडीमा म्हणतात तो तिथलाच. पण ग्रीक कानाला त्याच नावात आणखी एक शब्द ऐकू येतो: ‘ओइदा’, मी जाणतो. ग्रीक नाटककार सोफोक्लीसनं यावर कोटी केली आहे. अंध भविष्यवेत्त्या टायरेसियसवर खवळलेला इडिपस फुशारकी मारतो की कोडं घालणाऱ्या राक्षसी स्फिंक्सला गप्प केलं ते मी आलो तेव्हा, मी, ‘काहीही न जाणणारा ओइदिपूस’. त्याला म्हणायचंय, शकुनबिकुन न बघता नुसत्या बुद्धीनं कोडं सोडवलं. प्रेक्षकांना मात्र जे कळायचं ते कळतं. मराठीत ते एका शब्दात येतं: नेणता. आणि कोडं कशाचं होतं? चार पाय, दोन पाय, तीन पाय यांचं! (उत्तर: माणूस.) सगळ्यांच्या पायांचं कोडं सोडवणारा हा स्वतःच्या पायाबद्दल नेणता.

अजून आहे. ग्रीक ‘ओइदा’ आणि संस्कृत ‘वेद’ (मी जाणतो, या अर्थाचं क्रियापद) रूपासकट एकच. जर्मन ‘विस्सेन’, जाणणं, हेही त्याच विद् धातूच्या घरातलं. आणि ‘अनकॉन्शस’साठीचा फ्रॉइडचा शब्द ‘उनबेवुस्ट’ निघतो याच ‘विस्सेन’च्या वळचणीतून. म्हणजे त्याच्या सिद्धान्ताचं नाव आणि त्याच्या लाडक्या नायकाच्या नावातली कोटी एकाच धातूची. फ्रॉइड शाळेत ग्रीक शिकलेला होता. हे त्याच्या ध्यानात आलं असेलच असं मी म्हणत नाही. ध्यानात न येता त्यानं तो नायक निवडला असेल तर मला जास्त आवडेल.

आता मराठीकडे. १९१०मध्ये फ्रॉइडनं ‘इडिपस कॉम्प्लेक्स’ (मुलाला आईची ओढ आणि बापाशी वैर) हा शब्द वापरला. आपण त्याला म्हणतो ‘इडिपस गंड’. गंड म्हणजे? संस्कृतात गंड म्हणजे सूज, गाठ, गळू. गलगंड, गंडमाळ आठवा. सुजलेल्या पायाची सूज! जर्मन ‘कोम्प्लेक्स’मध्ये हे नाही, तिथे लॅटिनमधलं नुसतं एकत्र गुंफणं आहे. न्यूनगंड, अहंगंड रुळवताना कुणाच्या मनात पाय असेल असं वाटत नाही. नेणताच जुळून आलंय.

यावर काही जाणकार ‘मनोग्रंथी’चा आग्रह धरतात. गुंफणीच्या जवळ ग्रंथीच जाते, गंड नव्हे, आणि उपनिषदात ‘भिद्यते हृदयग्रन्थिः’ आहे, असा त्यांचा दाखला. मूळ शब्दाशी इमान एवढाच निकष असेल तर त्यांचं बरोबर आहे. कबूल. तरीही मी गंडच म्हणणार, कारण गाठ कुणीतरी बांधलेली असते आणि गंड आतून वाढतो, ठणकतो आणि झाकला तरी चाल बिघडवतो. दुसरे जाणकार त्याहून धाडसी: ते इडिपसलाच हाकलून ‘मातृगंड’ म्हणतात. म्हणजे बाप गेला, खून गेला, पाय गेला, नेणणं गेलं, उरला आईचा लाडका मुलगा. हे भाषांतर नव्हे, हे दमन आहे.

हॅम्लेट राहिलाच. थोडक्यात: स्वप्नांवरच्या ग्रंथात (तो बाहेर पडला १८९९च्या नोव्हेंबरात, मुखपृष्ठावर साल मात्र १९००) फ्रॉइड दोघांना शेजारी ठेवतो. इडिपसमध्ये इच्छा घडून जाते. त्याची आई योकास्ता तर सरळ सांगते की पुष्कळ पुरुषांनी स्वप्नात आईची शेज केलेली असते, मनावर घेऊ नकोस. हॅम्लेटमध्ये ती फक्त अडखळण्यातून दिसते. बापाच्या मारेकऱ्याला मारायला त्याचा हात उठत नाही, कारण मारेकऱ्यानं जे केलं (बापाला मारून आईशी लग्न) ते याच्याच मनात होतं. फ्रॉइडचा चेला अर्नेस्ट जोन्स यानं १९१०मध्ये यावर निबंध लिहिला आणि वाढवत वाढवत १९४९ला त्याचं पुस्तक केलं. जोन्सची चिकाटी दांडगी, पण शेवटी शेवटी राजपुत्र नाटकातून उठून दवाखान्यात झोपलेला वाटतो. निबंध वाचा, पुस्तक चाळा.

दुसरा प्रश्न, इच्छा की वासना. वासना आता शरीरापुरती उरली आहे, ती नको. फ्रॉइडचा शब्द ‘वुन्श’, आणि त्याचं संस्कृतातलं भावंड ‘वाञ्छा’. ‘जो जे वांछील तो ते लाहो’ हे स्वप्नाच्या इच्छापूर्तीचं इतकं चोख वर्णन आहे की मला एकदा ते तसंच वापरायचा मोह झाला होता. पण ज्ञानदेवांनी त्याआधी खळांची व्यंकटी सांडायला सांगितली आहे, आणि स्वप्न ती अट पाळत नाही. शिवाय ‘हॅम्लेटच्या नेणिवेतली वांछा’ असं लिहिलंत तर संपादक फोन करेल. ‘नेणिवेतली इच्छा’ लिहा.