वडिलांसाठी न आलेले रडू

‘मॅडम, स्वतःचे वडील गेले तेव्हा यांच्या डोळ्यांतून टिपूसही आले नाही, आणि सचिन निवृत्त झाला म्हणून आठ दिवस धड जेवले नाहीत. हे वेड तर नाही ना?’ डिसेंबर २०१३मध्ये लालबागच्या एका गृहिणीने मला हे विचारले. खेळाडूच्या जागी कधी अभिनेत्याचे, कधी गायिकेचे नाव येते, पण ही काळजी मी आजही वरचेवर ऐकते. (ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत.)

पती चाळिशीचे, एका कंपनीत स्टोअरकीपर. पहिल्या भेटीत ते जवळजवळ गप्पच होते, म्हणून दुसऱ्या वेळी मी त्यांना कात्रणांची वही आणायला सांगितली. खळीने चिकटवलेले कागद पिवळे पडले होते आणि प्रत्येकाच्या कडेला निळ्या शाईत तारीख होती. पाने उलटता उलटता ते खुलले आणि म्हणाले, ‘८९ला आपण कराचीत उतरलो तेव्हा सोळाच वर्षांचे होतो.’ त्या ‘आपण’पाशी मी थांबले.

वहीतले पहिले कात्रण फेब्रुवारी १९८८चे होते: हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेतील सचिन आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची अभेद्य भागीदारी. त्याच वयाचे हे गृहस्थ तेव्हा किराणा दुकानात पुड्या बांधत होते. १९८२च्या संपात वडिलांची गिरणी सुटली ती कायमची, आणि शाळेच्या संघात यष्टिरक्षण करणाऱ्या या मुलाला आठवीत हातमोजे परत करून कामाला लागावे लागले. ते हातमोजे शाळेचे होते, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

प्रसिद्ध व्यक्तीशी जडणाऱ्या अशा एकतर्फी नात्याची मांडणी डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६मध्येच केली होती, त्यामुळे त्यात आजार शोधण्याची घाई मी करत नाही. झोप, काम किंवा घरातले बोलणे आठवडेच्या आठवडे बिघडलेले राहिले, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे. येथे तसे नव्हते. त्याच शहरातला, त्याच वयाचा एक मुलगा यांची अर्धवट राहिलेली खेळी चोवीस वर्षे खेळत होता आणि त्या आधारावर यांनी निमूटपणे संसार ओढला होता. मग १६ नोव्हेंबरला वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिनने आधी १९९९मध्ये वारलेल्या आपल्या वडिलांची आठवण काढली. ‘तिथे मला आवरेनाच,’ ते म्हणाले.

मी त्यांच्या पत्नीला एवढेच सांगितले की ती वही माळ्यावर टाकू नका आणि यांची थट्टा होऊ देऊ नका.

पाचव्या भेटीला त्यांनी वहीऐवजी वडिलांचा गिरणीतला पास आणला. हातमोजे परत करायला वडीलच शाळेत बरोबर आले होते आणि घरी येईपर्यंत दोघेही एक शब्द बोलले नव्हते, हे त्यांनी त्या दिवशी प्रथमच सांगितले.