मामाच्या कपाटातला काळा डबा

प्रश्न : नमस्कार काका, माझे मामा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले होते, परवा त्यांचं कपाट आवरताना एक काळा डबा सापडला. त्यावर एमएफजे ९४९ई लिहिलंय, दोन मोठे नॉब, मधे एक सिलेक्टर आणि दोन काटे एकमेकांवरून जातात असा मीटर. ही कंपनी कुठली, अजून चालू आहे का? एक नॉब फिरवला की खरखर होते. पार्ट मिळतील की भंगारात देऊ?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अरे भंगारात कसला देतोस, थांब जरा! हा अँटेना ट्यूनर आहे, म्हणजे रेडिओ सेट आणि अँटेना यांचा मेळ जुळवणारा डबा, ३०० वॉटचा.

एमएफजे म्हणजे मार्टिन एफ. ज्यू, मालकाचीच अक्षरं. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात स्टार्कविल नावाचं छोटं गाव आहे, तिथे १९७२ मधे या गृहस्थांनी हॉटेलची एक खोली भाड्याने घेऊन धंदा सुरू केला, आणि पहिला माल काय तर मोर्सचा, म्हणजे टिंब-रेघांच्या संदेशांचा ऑडिओ फिल्टर, म्हणजे बँडवर चारजण एकदम टकटक करत असतील तर त्यातला आपल्याला हवा तोच ऐकू यावा म्हणून. रेडिओ सेट बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या नादाला हे लागलेच नाहीत, सेटच्या आजूबाजूला जे लागतं, ट्यूनर, डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर), एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना किती जुळलीये ते दाखवणारा), अँटेना अ‍ॅनालायझर, ते सगळं बनवत गेले. माझ्या मते हाच त्यांचा शहाणपणा, कारण सेट कुठल्याही कंपनीचा घ्या, शेजारी यांचा डबा बसतोच. पुढे अमेरिट्रॉन, हाय-गेन, कुशक्राफ्ट, मिराज, व्हेक्ट्रॉनिक्स हे ब्रँडही यांच्याकडेच आले.

फिनिशिंगच्या नावाने मात्र बोंब, हॅम मंडळी गमतीत ‘माइटी फाइन जंक’ म्हणायची, नवा डबा आणला की आधी उघडून स्क्रू आवळा असा सल्ला द्यायची आणि तरी पुढचा डबा यांचाच घ्यायची!

२०२४ च्या एप्रिलमधे ज्यूंनी जाहीर केलं की १७ मे पासून स्टार्कविलमधलं उत्पादन बंद. कोविडनंतर धंद्याचं गणित बदललं, जुने कारागीर रिटायर होत चाललेले, स्वतःचं वयही ऐंशीच्या घरात. शिल्लक माल विकू आणि रिपेअर चालू ठेवू असं तेव्हा म्हणाले होते, पण कोथरूडहून मिसिसिपीला डबा पाठवायचा खर्च बघितलास का?

त्याची गरजही नाही म्हणा. आत आहे काय, दोन व्हेरिएबल (नॉबने फिरणारे) कपॅसिटर, एक कॉइल, सिलेक्टर, डमी लोडचा रेझिस्टर आणि मीटरचं छोटं सर्किट. आयसीचं जंगल नाही, डोळ्याला दिसतं आणि हाताने दुरुस्त होतं. खरखर म्हणजे बहुतेक कपॅसिटरच्या फिरत्या शाफ्टचा कॉन्टॅक्ट काळा पडलाय नाहीतर त्याची एखादी पट्टी वाकून शेजारणीला घासतीये. तपकीर गल्लीत कॉन्टॅक्ट क्लीनर मिळेल, कॉन्टॅक्टवर थोडासाच मार, आणि पट्टी घासत असेल तर पातळ कार्ड घालून हळूच सरळ कर. कपॅसिटर पारच गेला असेल तर जुन्या रेडिओचा गँग, म्हणजे त्यातला फिरता कपॅसिटर, मात्र बसवू नकोस, त्यातल्या पट्ट्यांमधली फट कमी असते, पॉवर दिली की ठिणग्या पडतील. तसा मोठ्या फटीचा गँग जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी नशिबाने मिळाला तर मिळाला.

आणि एक, ट्यूनर लावला म्हणजे अँटेना सुधारली असं नसतं, तो फक्त सेटला हवा असलेला ५० ओहमचा भार दाखवतो, केबलमधला लॉस तिथेच राहतो, तेव्हा सोसायटीच्या गच्चीवर आधी तार नीट ताण. आणि परवाना हातात आल्याशिवाय ट्रान्समिटचं बटण दाबायचं नाही. मीटरचा दिवा लागला नाही तर मात्र काळजी करू नकोस, त्याला बाहेरून १२ व्होल्ट द्यावे लागतात.