कॅमेरा बंद पडलेला नाही, बंद केलाय

प्रश्न : आम्ही डॅलसला राहतो. आई-बाबा मुलुंड पूर्वेला, दोघंच. जूनमध्ये तीन आठवडे येऊन गेलो. येताना एक अख्खी बॅग भरून सामान आणलं होतं : हॉलसाठी आणि स्वयंपाकघरासाठी कॅमेरे, फोनवरून लागणारे बल्ब, व्हिडिओ डोअरबेल. बल्ब होल्डरमध्ये बसेनात म्हणून तसलेच तिथले विकत घेतले. डोअरबेल जोडली तर धूर निघाला. बाकी सगळं पंधरा दिवस खपून बसवलं. परत आलो आणि महिन्याभरात एकेक बंद. बाबांना विचारलं की म्हणतात, "चालतंय की सगळं." बँकेचं, लाइटबिलाचं मीच इथून बघतो, त्यात ओटीपीवरून दर वेळी वादावादी. सोसायटीच्या गेटच्या ॲपला माझा नंबर दिलाय, तर रात्री अडीचला फोन वाजतो, "कुरिअरवाला आलाय, सोडू का?" नऊ वर्षांचा मुलगा तीन आठवडे टॅबलेट घेऊन बसला होता, त्यावरून बायकोशी वाजलं ते वेगळंच. डिसेंबरात पुन्हा यायचंय. बसवलेलं टिकावं म्हणून या वेळी काय करू?
— एक बाबा, डॅलस

उत्तर : तुमचं पत्र मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. हे रेल्वेच्या इलेक्ट्रिकल खात्यातून निवृत्त झालेले. "धूर निघाला" या शब्दांपाशी इतके खूश झाले की पुढचं पत्र मला दोनदा वाचावं लागलं. त्यांचा निरोप असा : तुमच्याकडची बेल ट्रान्सफॉर्मरवरून सोळा ते चोवीस व्होल्ट घेते, आपल्याकडची बेल थेट 230 वर चालते. धूर निघणारच होता, मेन उडाला नाही हे नशीब. फोनच्या चार्जरवर 100 ते 240 लिहिलेलं असतं म्हणून तो दोन्हीकडे चालतो. ज्यावर नुसतं 120 लिहिलंय ते बॅगेत भरूच नका. आणि बल्बचं म्हणाल तर तुमच्याकडे आट्यांचे होल्डर, आपल्याकडे बहुतेक घरांत पिनेचे. हे झालं तांत्रिक.

आता खरं सांगते. तुमच्या घरातलं काहीही बंद पडलेलं नाही. ते बंद केलेलं आहे.

आपल्याकडे प्रत्येक प्लगला स्वतंत्र बटण असतं, हे तिकडे राहून विसरायला होतं. आणि मुंबईतली कुठलीही आई रात्री झोपायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करते. गिझर, टीव्ही, मिक्सर, आणि त्यांच्या रांगेत वायफायची ती लुकलुकणारी डबी. आई अकराला बटण दाबते तेव्हा तुमच्याकडे दुपारचे साडेबारा असतात. तुम्ही डबा उघडून फोन बघता, पडदा काळा. फोनवरून लागणाऱ्या बल्बचंही तेच. भिंतीवरचं बटण बंद केलं की तो बल्ब फोनचं ऐकत नाही, आणि भिंतीवरचं बटण बंद करू नका असं सत्तरीच्या बाईला सांगणं म्हणजे नळ उघडा ठेवून झोपा म्हणण्यासारखं आहे. तिच्या जिवाला ते पटणारच नाही.

कॅमेऱ्याचं प्रकरण याहून नाजूक आहे. ते मी स्वतः भोगलेलं असल्यामुळे जरा सविस्तर सांगते.

आमची लेक लीड्सला असते. दोन वर्षांपूर्वी ती आली आणि "आई, तुम्ही दोघंच असता, मला काळजी वाटते" म्हणत हॉलमध्ये, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, एक छोटा पांढरा कॅमेरा लावून गेली. काळजीला नाही कसं म्हणणार? पहिले आठ दिवस आम्ही दोघं नाटकातल्यासारखे नीट बसत होतो. मला घरात गाऊनवर वावरायची चोरी. ओला पदर पंख्याखाली धरून बसायचीही चोरी. आमच्या कामाच्या मावशींनी केरसुणी हातात घेऊन विचारलं, "ताई, ह्यात मी पण दिसते का?" दिसता म्हटलं. त्यांनी पदर खोचला आणि हॉलचा केर पाच मिनिटांत उरकला, एरवी गप्पा मारत वीस मिनिटं काढायच्या. शेवटी एका संध्याकाळी साडेसहाला ह्यांनी डब्यातून बेसनाचा लाडू घेतला. मग दुसरा. तिसरा तोंडाजवळ नेला तोच फोन वाजला. लीड्सला तेव्हा दुपारचे दोन. लेक म्हणाली, "बाबा, शुगर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यावर ह्यांचा पंचा वाळत घातलेला होता. लेकीने विचारलं तर म्हणाले, "धूळ बसते गं त्याच्यावर." हे वाक्य आणि तुमच्या बाबांचं "चालतंय की सगळं" ही सख्खी भावंडं आहेत. तुम्ही पंधरा दिवस स्टुलावर चढून घाम गाळलात, तो त्यांनी पाहिलाय. आम्हाला हे नको, हे तोंडावर सांगायला त्यांची जीभ रेटत नाही, म्हणून बटण बोलतं.

तेव्हा आधी हॉलमधला आणि स्वयंपाकघरातला कॅमेरा स्वतःच्या हाताने काढा. फोनवरून "काढून ठेवा" म्हणू नका, डिसेंबरात आल्यावर स्वतः उतरवा. एक हवाच असेल तर बाहेरच्या दाराला, आणि तोही आईला विचारून. समोरच्यांचं दार त्यात येत नाही ना, हेही बघा. पुढे भांडण तुमचं होणार नाही, तिचं होईल.

डिसेंबरातल्या कामांसाठी माझा एकच हट्ट आहे. तुम्ही मुंबईत तीन आठवडे असता, बाकीचे एकोणपन्नास आठवडे आई-बाबा तिथे असतात. घरात जे लावाल ते बिघडल्यावर स्टुलावर कोण चढणार, हे आधी ठरवा. उत्तर "मी, पुढच्या वर्षी" असेल तर ती वस्तू नको. उत्तर "बाबा" असेल तर मुळीच नको, सत्तरी-पंचाहत्तरीत स्टुलावरून पडून खुबा मोडलेले मी आमच्याच बिल्डिंगमध्ये पाहिलेत. उत्तर "मुलुंडचा वायरमन" असंच यायला हवं. मग काम पहिल्यापासून त्याच्याच हातून करून घ्या. तुम्हाला ड्रिल चालवता येतं, ठाऊक आहे. तरी त्यालाच बोलवा, बाबांना खुर्ची टाकून समोर बसवा, चार चुका काढू द्या, चहा होऊ द्या. ज्याने वायर ओढली त्याला ती कुठून गेलीय हे माहीत असतं, आणि तो फेब्रुवारीत एका फोनवर येतो. त्याचा आणि प्लंबरचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. फोनमध्ये सेव्ह करून भागत नाही. फोन चार्जिंगला लावलेला असतो आणि बटण बंद असतं.

त्याच्याकडून करून घ्यायची कामं अगदी मिळमिळीत आहेत. बाथरूममध्ये धरायला एक भक्कम दांडा, टाइलमध्ये नीट भोकं पाडून बसवलेला. चिकटवायचे मिळतात ते नकोत, ओल्या टाइलवरून सुटतात. बेडरूमपासून संडासापर्यंत रात्री पाय वाजला की आपोआप लागणारा एखादा दिवा. स्वयंपाकघरात आणि जिथे बाबा पेपर वाचतात तिथे वीज गेल्यावरही तासदोनतास जळत राहणारा बॅटरीवाला एलईडी बल्ब. तो पिनेच्या होल्डरमध्येच बसतो, शिकवावं काही लागत नाही. कमी विजेचे नवे पंखे चांगले असतात, साधा 75 वॅटचा असेल तर हे निम्म्याहून कमीत भागवतात, पण त्यातले बरेच रिमोटवर चालतात. आमच्याकडच्या पंख्याचा रिमोट गेल्या मे महिन्यात तांदळाच्या डब्यात सापडला. का ते विचारू नका. भिंतीवरच्या रेग्युलेटरने चालणारा मिळाला तरच घ्या.

आता ओटीपी. इथे मी तुमच्यावर रागावणार आहे.

तुम्ही रात्री साडेनऊला निवांत झालात की लॅपटॉप उघडता, तेव्हा मुंबईत सकाळचे आठ असतात. बाबा आंघोळीला, आई कुकरपाशी, आणि तुम्ही "लवकर सांगा, दोनच मिनिटं आहेत" म्हणून ओरडता. वादावादी होणारच, पण माझी तक्रार ती नाही. फोनवर घाईच्या आवाजात कोणी आकडे मागितले की ते सांगायचे असतात, हे तुम्ही दर आठवड्याला बाबांना शिकवताय. उद्या दुसरा कोणी "बँकेतून बोलतोय, लवकर सांगा, दोनच मिनिटं" म्हणेल तेव्हा त्यांच्या तोंडातून आकडे सवयीने बाहेर पडतील. हल्ली तर पोलिसांच्या वेषात व्हिडिओ कॉल करून "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, खोली सोडू नका" म्हणणारे आहेत. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, हे बाबांना माहीत असेलही, पण भीती वाटली की माहिती आठवत नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर त्या कपाटाच्या दारावर वायरमनच्याही वर लिहा. पैसे गेल्यावर जितक्या लवकर तिथे कळवाल तितके ते अडवले जाण्याची आशा जास्त. आणि घरातल्यांसाठी एक परवलीचा शब्द ठरवा, पैशांची गोष्ट निघाली की तो विचारायचा. आमचा शब्द म्हणजे एका मेलेल्या मांजराचं नाव आहे, ते इथे सांगत नाही.

मग लाइटबिल कसं भरायचं? बाबांच्या खात्यातून कशाला भरता? मुलुंडला वीज महावितरणची. बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, तो घातला की बिल कोणीही भरू शकतं. तुमचं एनआरओ खातं, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथल्या बँकेतलं रुपयांचं खातं, असेलच. 2023 पासून अमेरिकेसह काही देशांतल्या फोन नंबरांवर अशा खात्याचं यूपीआय चालवायची परवानगी आहे. तुमची बँक ते देते का विचारा. ओटीपी आला तर तुमच्या फोनवर, तुमच्या वेळेला. बाबांच्या खात्याचे व्यवहार बाबांना करू द्या, सावकाश का होईना. त्यांच्या खात्याला तुमचा नंबर जोडायचं डोक्यात असेल तर तेही काढून टाका. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला येईल. तोही आता सरकारच्या जीवन प्रमाण ॲपवर घरबसल्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर होतो. पापण्या मिटायला सांगतो तेव्हा ह्यांनी एकच डोळा मिटला होता, तरी तिसऱ्या खेपेला झालं. त्यासाठी तुमची गरज नाही.

मुलाचं. तीन आठवडे तो टॅबलेटमध्ये होता कारण तीन आठवडे तुम्ही स्टुलावर होतात. त्याला संग्रहालयं आणि मॉल दाखवून काही व्हायचं नाही. त्याला काम द्या, आणि ते आजोबांच्या हाताखाली.

आमचा नातू गेल्या नाताळात आला तेव्हा बेसिनचा नळ ठिबकत होता. ह्यांनी त्याला खालचा कॉक बंद करायला लावला, पाना हातात दिला. दोन्ही हातांनी जोर लावून त्याने नळाचं डोकं फिरवलं आणि आतून झिजून चपटा झालेला काळा वायसर काढला. तो मुठीत धरून दोघं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार कच्छी. नातू वाटेत पाठ करत गेलेलं वाक्य म्हणाला, "काका, असाच वायसर द्या." दुकानदार म्हणाला, "आधा इंच का? दो ले जा, बेटा." नातवाला हिंदीचं ओ की ठो येत नाही, पण पोर दोन वायसर घेऊन आलं. एक बसवला, दुसरा ह्यांच्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात, जिथे चाळीस वर्षांचे स्क्रू, गिट्ट्या, फ्यूजची तार आणि कशाच्या कोण जाणे अशा बिजागऱ्या आहेत. तो डबा जमिनीवर उपडा करून प्रकारवारी लावण्यात पोराची पुढची अख्खी दुपार गेली.

तुमच्या बाबांकडेही असा डबा असणार. नळ ठिबकत नसेल तर खिडक्यांच्या मच्छरजाळ्या असतील. माप घेणं, कापणं, वेल्क्रोची पट्टी चिकटवणं हे नऊ वर्षांच्या मुलाला सहज जमतं. एक दिवस गाडीची गर्दी ओसरल्यावर दोघांना लोहार चाळीत पाठवा, ते दिव्यांच्या, वायरींच्या आणि बटणांच्या दुकानांनी खच्चून भरलेले बोळ बघायला. तुम्ही बरोबर जाऊ नका. तेवढ्यात बायकोला बाहेर जेवायला घेऊन जा, तिचंही तुमच्याकडे येणं आहे.

नोव्हेंबरात तुमची घड्याळं तासभर मागे जातील, म्हणजे अंतर साडेदहाचं साडेअकरा होईल. फोनची वेळ तुम्ही बदला, आईला गणित घालू नका. ती रात्रीच्या बातम्यांनंतर फोनजवळ बसते, तीच वेळ धरा.

आणि गेटच्या ॲपवरचा तुमचा नंबर आजच काढा, बाबांचा घाला आणि वॉचमनला आधी इंटरकॉम करायला सांगा. डिसेंबरपर्यंत थांबू नका. मी हे लिहितेय तेव्हा इथे दुपारचे पाऊण वाजलेत, कुरिअरवाले बाहेर पडले असतील. तुमच्याकडे सव्वादोन.