कोळसा तापवल्यावर त्यातलं गंधक आणि नायट्रोजन जातं कुठे?

तुम्ही वास्कोत राहता आणि विचारताय की कोळशाचा कोक (हवा कोंडून तापवलेला, पोलादाच्या कामाचा कोळसा) करताना गंधक आणि नायट्रोजन निघून जातात का, आणि खिडकीवर बसणाऱ्या काळ्या धुळीशी त्याचा काही संबंध आहे का. गोव्यातल्या एका कोक प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत मी गंधक मोजायचं काम केलंय, म्हणून लिहितो.

जाळणं वेगळं आणि हवा कोंडून तापवणं वेगळं. मोकळ्या हवेत जळताना गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. कोकच्या भट्टीत १०००-११०० अंश सेल्सिअस तापमान असतं, पण कोळशाच्या थरात हवा शिरू देत नाहीत. तिथे गंधकाला हायड्रोजन भेटतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा आणि जहरी.

मात्र सगळं गंधक सुटत नाही. ते कोळशात कोणत्या रूपात आहे त्यावर ठरतं. थायॉल आणि साधे सल्फाइड ही सैल बांधलेली रूपं आधी तुटतात. पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज ५०० अंशांच्या आसपास आणि पुढे जवळपास निम्मं गंधक सोडतं, मागे लोह सल्फाइड उरतं. थायोफीन हे रूप सर्वांत चिवट, कारण त्यात गंधक कार्बनच्या कड्यातच अडकलेलं असतं. सुटलेलं गंधकही वाटेत राखेतला चुना धरून ठेवतो, किंवा तापलेला कार्बनच ते परत ओढून घेतो. त्यामुळे निम्म्याहून जास्त गंधक सहसा कोकमध्येच राहतं. नमुना एश्का मिश्रणासोबत (गंधक धरून ठेवणारी एक भुकटी) ८०० अंशांवर तापवून शेवटी बेरियम सल्फेटचा पांढरा साका तोलला, की हे डोळ्यांना दिसतं. हेच गंधक पुढे पोलादात उरलं तर ते लालभडक असताना ठोकलं की तडकतं. म्हणूनच कोळसा घेतानाच कमी गंधकाचा बघून घेतात. नंतर भट्टी तुम्हाला वाचवत नाही.

नायट्रोजन कोळशात साधारण १-२ टक्के, आणि पिरोल व पिरिडीन या कार्बन-नायट्रोजनच्या कड्यांत गुंतलेला. तापल्यावर थोडा डांबरात जातो, थोडा अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड होऊन वायूत येतो. पिरोलची कडी मोडतात किंवा पिरिडीनसारखी होतात, आणि बराच नायट्रोजन कार्बनच्या थरांत रुतून कोकमध्ये उरतो. तो कोक जळताना नायट्रिक ऑक्साइड होतो. हवा टप्प्याटप्प्याने दिली तर मात्र त्यातला बराचसा निरुपद्रवी नायट्रोजन वायू होऊन जातो.

आता भट्टीतून निघालेल्या वायूचं काय? काही कारखान्यांत तो धुऊन अमोनियाचं अमोनियम सल्फेट खत करतात. गोव्यातल्या आमोण्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांत वायू तिथेच जाळून त्या उष्णतेवर वीज काढतात, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडचा सल्फर डायऑक्साइड होऊन चिमणीकडे जातो. चिमणीआधी धुराची धुलाई नीट होते का, हा तिथला खरा प्रश्न.

कोळशासारखंच डिझेलमधलं गंधकही नुसतं तापवून जात नाही. रिफायनरीत ३००-४०० अंशांवर, दाबाखाली, कोबाल्ट-मॉलिब्डेनम उत्प्रेरकावर हायड्रोजन द्यावा लागतो. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाखांत दहा भाग) आली, ती याच कामामुळे शक्य झाली.

तुमच्या खिडकीवरची धूळ मात्र न तापलेल्या कोळशाची. वास्कोलगतच्या मुरगाव बंदरात कोळसा फक्त उतरतो, साठतो, वॅगनीत भरला जातो. तिथे वरचं काहीच घडत नाही. म्हणून वास्कोत आकडे मागायचे तर धूलिकणांचे मागा, आणि भट्टीजवळच्या गावांत सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजन ऑक्साइडचे.